सांगलीच्या पोलिसांची स्थापना नेमकी कधीची? आधी पगार कोण देत होतं ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा सांगली संस्थानच्या पोलिसात होते, त्यांच्या निमित्ताने तुम्हाला सांगली शहर पोलिसांचा इतिहास लिहायचा आहे आणि स्थापनेच्या सालावरच गाडी अडली आहे. कुणी १८६१ सांगतं, कुणी १९४९. दरवर्षी २ जानेवारीला रेझिंग डे साजरा होतो म्हणून कुणी १९६१ सांगतं. यातलं खरं कुठलं आणि पुरावा कुठे मिळेल, हे तुम्ही विचारलं आहे.

दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानी दप्तरांवर मी बरीच वर्षं काम करतो आहे. त्यात नगरपालिका, तुरुंग, पोलीस अशी खाती सारखी समोर येतात. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची अडचण सालाची नाहीच. सांगलीसारख्या गावाला एका दिवशी, एका हुकमाने पोलीस खातं मिळालेलं नाही. रखवाली तीच होती, पुष्कळदा माणसंही तीच होती, बदलत गेला तो त्यांचा धनी. त्यामुळे मी प्रत्येक काळाला दोनच प्रश्न विचारतो: या शिपायाचा पगार कुणाच्या तिजोरीतून निघत होता, आणि त्याला बडतर्फ करण्याचा अधिकार कुणाला होता? या दोन प्रश्नांची उत्तरं जिथे बदलतात, तिथे तुमचं नवं प्रकरण सुरू होतं.

आधी ती तीन सालं निकालात काढू.

१८६१ चा पोलीस कायदा प्रसिद्ध आहे, म्हणून तो स्मरणिकांमध्ये सर्रास छापला जातो. पण मुंबई इलाख्याचा कारभार त्या कायद्याने चालत नव्हता. सिंधमध्ये इंग्रज सेनापती नेपियरने बसवलेल्या पद्धतीवरून मुंबई सरकारने १८५३ मध्ये जिल्ह्यांचे पोलीस नव्याने बांधले. पुढे इलाख्याने स्वतःचे कायदे केले, १८६७ चा आणि मग १८९० चा जिल्हा पोलीस कायदा. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा, याच ओळीतला आहे. शिवाय सांगली इंग्रजी मुलखात नव्हतीच, ते पटवर्धनांचं संस्थान होतं. म्हणजे १८६१ हे साल सांगलीला दोन्ही बाजूंनी लागू पडत नाही.

२ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज प्रदान झाला. रेझिंग डे त्या घटनेचा आहे आणि तो साऱ्या राज्याच्या दलाचा आहे. तुमच्या गावच्या ठाण्याच्या जन्माशी त्याचा संबंध जोडू नका.

१९४९ त्यातल्या त्यात जवळचं. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि सांगली जिल्ह्याचं ठिकाण बनली. २१ नोव्हेंबर १९६० ला जिल्ह्याचं नाव सांगली झालं. आजच्या जिल्हा पोलीस दलाचा उगम १९४९ म्हणाल तर ते बरोबर आहे. पण तुमचे आजोबा त्याआधीपासून नोकरीत होते. १९४९ पासून सुरुवात केलीत तर ज्यांच्यासाठी लिहायला बसलात तेच पुस्तकाबाहेर राहतील.

इथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘सांगली शहर पोलीस’ नावाचं स्वतंत्र दल १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यानंतर कधीच नव्हतं आणि आजही नाही. पुण्याला १९६५ मध्ये आयुक्तालय झालं, सोलापूरला १९९२ मध्ये. सांगलीला नाही. इथली ठाणी, सांगली शहर, विश्रामबाग, संजयनगर, तिकडे मिरज शहर आणि महात्मा गांधी चौक, ही सगळी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ मध्ये झाली, पण महापालिकेचा पोलिसांवर काडीचा अधिकार नाही. परदेशातल्या छोट्या शहरांच्या पोलिसांचे इतिहास वाचून लोक त्याच साच्यात लिहायला जातात: पहिला प्रमुख, पहिली इमारत, पहिली मोटार. आपल्याकडे तो साचा बसत नाही. विलीनीकरणानंतरचा इतिहास एखाद्या ठाण्याचा लिहिता येतो किंवा जिल्ह्याचा. त्याआधीचा मात्र संस्थानचा.

आता काळाप्रमाणे पाहू.

१८०१ पर्यंत सांगली हे मिरज जहागिरीतलं साधं गाव. चुलत्यांशी बिनसल्यावर चिंतामणराव आप्पासाहेबांनी वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली आणि गणेशदुर्ग बांधला. या काळात ‘पोलीस’ शोधू नका, सापडणार नाहीत. किल्ल्यावर आणि वसुलीवर असलेली शिबंदी, म्हणजे पगारी शिपाई, रखवालीही करी, आणि गावकीत पाटील, महार, रामोशी, बेरड यांच्याकडे राखण व मागकाढीचं काम असे. खर्च सापडेल तो शिबंदीच्या जमाखर्चात. कागद मोडीत असतील. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात, ते करा, नाहीतर लिप्यंतर करणाऱ्या जाणकाराला गाठा. हा भाग थोडक्यात आटोपलात तरी चालेल, कारण सामान्य शिपायाचं नाव इथे क्वचितच येतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र बदलतं. कॅम्बेलने संपादलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा चोविसावा खंड १८८६ चा. तो कोल्हापूरचा असला तरी दक्षिण मराठा जहागिरींची माहिती त्यातच आहे. संस्थानच्या न्याय-पोलीस व्यवस्थेचा पहिला ठोकळ अंदाज तिथून घ्या. नंतर संस्थानचे छापील वार्षिक कारभार अहवाल पाहा. दुसरे चिंतामणराव १९०३ मध्ये दत्तक आले तेव्हा अज्ञान, म्हणजे वयात न आलेले, होते. १९१० मध्ये त्यांच्या हाती अधिकार येईपर्यंत कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली होता. खात्यांची नवी मांडणी, हुद्दे, गणवेश, कवायत यांचे हुकूम शोधायचे तर मी आधी हीच सात-आठ वर्षं चाळेन.

एक गोष्ट नकाशा समोर घेतल्याशिवाय कळत नाही. संस्थान सलग नव्हतं. मंगळवेढा सोलापूरकडे, शहापूर बेळगावला लागून, तेरदाळ आणि शिरहट्टी आज कर्नाटकात. सांगलीचा शिपाई बदली होऊन शिरहट्टीला गेला की कानडी मुलखात नोकरी करी. उलट सांगलीपासून हाकेच्या अंतरावर बुधगाव, तिथे धाकट्या मिरजकरांचं राज्य. मिरजेत थोरल्या पातीचं. अंकलीपलीकडे कोल्हापूर संस्थान. तासगाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. रेल्वेची हद्द आणखी निराळी. आज एका मोटारसायकलवर अर्ध्या दिवसात फिरून होईल एवढ्या टापूत इतके वेगवेगळे पोलीस होते, आणि गुन्हेगार हद्द ओलांडून गेला की त्याला पकडून आणायला पत्रव्यवहार करावा लागे. हा पत्रव्यवहार तुमच्यासाठी सोनं आहे. संस्थानच्या बाजूचा कागद नष्ट झाला असला तरी त्याची दुसरी बाजू कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात रेसिडेन्सीच्या, म्हणजे संस्थानांवर देखरेख करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या कचेरीच्या, कागदांत किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असू शकते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या सूची पाहता येते, काही फायली तर तिथेच उघडतात.

आता १९४२ ते १९४९. तुमच्या पुस्तकाचा गाभा इथे आहे आणि मी असतो तर निम्मी पानं या सात वर्षांना दिली असती.

१९४२ च्या सप्टेंबरात सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावला मामलेदार कचेरीवर तिरंगा लागला, वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव स्वतःची न्यायव्यवस्था उभी केली. त्या चळवळीचं मोठं केंद्र कुंडल, ते औंध संस्थानात. हद्दींच्या या गुंतागुंतीचा भूमिगतांना फायदा झाला. संस्थानी पोलिसांना मात्र दोन धनी झाले, पगार देणारे राजे आणि वरून दडपण आणणारे इंग्रज.

आणि मग २४ जुलै १९४३. गणेशदुर्गातल्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहारेकऱ्यांना आवरून, बंदुका ताब्यात घेऊन तट ओलांडला आणि कृष्णेकडे धाव घेतली. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना वीरमरण आलं. दादांच्या खांद्यात गोळी लागली आणि ते पकडले गेले. सांगलीतलं लहान मूलही ही हकिकत सांगेल. तुम्ही ती लिहाच, पण पोलिसांचा इतिहास लिहिणाऱ्याने आणखी एक पाऊल पुढे जावं. त्या दिवशी पहाऱ्यावर कोण होतं? पाठलागाचा हुकूम कुणी दिला? पहारेकऱ्यांची चौकशी झाली का, कुणाची बढती रोखली, कुणाला बक्षीस मिळालं? संस्थानच्या नोकरीतली ही माणसं याच मातीतली होती, कैद्यांच्या गावाशी त्यांच्या सोयरिकी असतील. चौकशीचे कागद, हजेरीपट, शिक्षा-बक्षिसांची नोंद यांतून हे उलगडतं. स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी आणि पोलिसांचे कागद शेजारी ठेवून वाचा. वेळ, जागा, माणसांची संख्या यांत फरक आढळेल. तो फरक बुजवू नका, दोन्ही मजकूर द्या. तुमच्या आजोबांचं नाव त्यात कुठल्याही बाजूने आलं तरी ते तसंच राहू द्या. नातवंडांनी लिहिलेल्या इतिहासात नेमक्या याच जागी पान गळतं, आणि वाचकाला ते लगेच जाणवतं.

गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत सांगली-मिरज भागात ब्राह्मणांच्या घरांची आणि कारखान्यांची जाळपोळ झाली. संस्थान त्या वेळी शेवटच्या घटका मोजत होतं. ८ मार्च १९४८ ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. जे दल महिनाभरात दुसऱ्याच्या हाताखाली जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्याने त्या दिवसांत काय केलं आणि काय केलं नाही, हा प्रश्न टाळून सांगलीच्या पोलिसांचा इतिहास पुरा होत नाही. ज्यांची घरं जळली त्यांच्याकडच्या आठवणी, नुकसानभरपाईचे अर्ज, तेव्हाची वर्तमानपत्रं हे सगळं पाहा. इथे जातीचा उल्लेख अटळ आहे, तो स्वच्छ करा. पण पुरावा नसेल तर कुठल्याही जमावाला चेहरा देऊ नका.

विलीनीकरणानंतर संस्थानी नोकर सरकारी सेवेत घेताना प्रत्येकाचं वय, शिक्षण, शरीरयष्टी, ज्येष्ठता तपासली गेली, पगार नव्या श्रेणीत बसवला गेला. कुणी राहिले, कुणाला पेन्शन देऊन घरी पाठवलं. तुमच्या आजोबांचं सेवापुस्तक मिळालं तर हाच बदल एका पानावर दिसेल. अशी पुस्तकं मी हाताळली आहेत. पहिल्या पानावर उंची, छाती, ओळखीची खूण, म्हणजे भुवईवरचा व्रण किंवा हातावरचं गोंदण. खाली डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. मग नेमणुकांचे रकाने. आधीच्या नोंदी शाईच्या टाकाने, खाली संस्थानच्या अधिकाऱ्याची सही. मध्येच एक आडवी रेघ, आणि त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात नवी श्रेणी, नवा बक्कल नंबर, जिल्ह्याच्या अधीक्षकांची सही. मार्च १९४८ ते ऑगस्ट १९४९ या मधल्या काळातल्या नोंदी सांगलीत मिळाल्या नाहीत तर साताऱ्याच्या दप्तरातही विचारा. आणि संस्थानचे तुकडे पांगले हे विसरू नका. शिरहट्टी-तेरदाळचे कागद त्या त्या जिल्ह्यांबरोबर गेले आणि १९५६ मध्ये तो मुलूख म्हैसूर राज्यात गेला.

त्यानंतरच्या काळाबद्दल एक सावधगिरी. ठाण्यातल्या गुन्ह्यांचे आकडे हाती आले की लगेच आलेख काढू नका. मुंबई राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी आली. काल जी गोष्ट अबकारीचं उत्पन्न होती ती आज गुन्हा झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गुन्हे एकदम वाढलेले दिसले तर गाव बिघडलं असं लिहिण्याआधी त्यातले दारूबंदीचे किती ते वेगळे काढा. कायदा बदलला, ठाण्याची हद्द बदलली, की आकडा बदलतो. विश्रामबागला ठाणं झालं की शहर ठाण्याचे गुन्हे आपोआप कमी दिसणार.

दुसरी सावधगिरी जास्त महत्त्वाची आहे. जुन्या नोंदवह्यांत ‘गुन्हेगार जमाती’ म्हणून नोंदलेल्या लोकांच्या हजेऱ्या असतात, नावं, गाव, जात, ठशांसकट. १८७१ पासून चालत आलेल्या त्या कायद्याने जन्मावरून माणसाला चोर ठरवलं. मुंबई राज्यात तो १९४९ मध्ये गेला, देशभरात १९५२ मध्ये. त्या घराण्यांची नातवंडं आज तुमच्याच गावात शिकताहेत, नोकऱ्या करताहेत. व्यवस्था कशी चालत होती ते सविस्तर लिहा, पण ती नावं आणि ती पानं छापू नका. याबाबतीत मी कुणाशीही तडजोड करत नाही.

अलीकडच्या काळात येताना कठीण प्रसंग वगळण्याचा मोह होईल, विशेषतः पोलीस खात्याच्या मदतीने स्मरणिका निघणार असेल तर. २००५ आणि २०१९ च्या महापुरात पोलिसांनी केलेलं काम लिहावंच. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा कित्येक पोलिसांच्या स्वतःच्या घरांत पाणी होतं. पण २०१७ च्या नोव्हेंबरात शहर ठाण्याच्या कोठडीत झालेला तरुणाचा मृत्यू आणि त्यानंतर पोलिसांनाच झालेली अटक, हेही त्याच ठाण्याच्या इतिहासात येतं. मात्र तिथे न्यायालयाच्या कागदांपलीकडे एक शब्द लिहू नका, आणि कुटुंबाला त्रास होईल असे तपशील उगाळू नका.

आता कागद कुठे आणि कसे मागायचे. ठाण्यात जाऊन ‘जुना इतिहास द्या’ म्हणालात तर चहा मिळेल, कागद मिळणार नाही. ठाण्यातले कागद वर्गवारीप्रमाणे ठरावीक मुदतीपर्यंत ठेवतात, मग नष्ट करतात. म्हणून मी आधी नष्ट केलेल्या आणि शिल्लक असलेल्या अभिलेखांची यादी मागतो. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, हे लक्षात ठेवून तो घट्ट लिहा: अमुक ठाण्याच्या स्थापनेचा आणि हद्द ठरवणारा शासन आदेश, एवढंच. वीस वर्षांहून जुन्या घटनांच्या माहितीला कायद्याच्या कलम ८(३) मुळे बहुतेक अपवाद लागू होत नाहीत, ते कलम अर्जात नमूद करा. मुंबईच्या पुराभिलेखागारात गृह खात्याच्या ‘स्पेशल’ फायली आहेत, चळवळीच्या काळासाठी त्या पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९६९ चं सांगली जिल्हा गॅझेटिअर तर लगेच वाचता येईल, त्यात विलीनीकरणानंतरच्या व्यवस्थेचा आराखडा आहे.

पण या सगळ्याच्या आधी माणसं. १९४८ ला विशीत असलेला शिपाई आज हयात असलाच तर शंभरीच्या घरात असेल. त्यामुळे साठच्या दशकात भरती झालेल्यांकडे जा, त्यांनी संस्थानी हवालदारांच्या हाताखाली नोकरी केलेली आहे. जुन्यांच्या बायका-मुलांना भेटा. पोलीस लाइनीतल्या खोल्या कशा होत्या, बंदोबस्ताला गेल्यावर घर कसं चालायचं, पगार कधी व्हायचा, हे कुठल्याही फायलीत नसतं. गावभागातल्या घराघरांत लोखंडी ट्रंकांमध्ये जपलेले कागद दोन महापुरांनी भिजवले. जे उरलेत त्यांचे फोटो आत्ताच घ्या, मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्या.

थोडक्यात, स्थापनेचं एक साल छापू नका. संस्थानी पोलीस ८ मार्च १९४८ पर्यंत, मधला संक्रमणाचा काळ, आणि १ ऑगस्ट १९४९ पासून जिल्हा पोलीस दल, अशी मांडणी करा. शहर ठाण्याचा स्वतंत्र आदेश सापडला तर त्याची तारीख ठाण्याची म्हणून द्या, दलाची म्हणून नव्हे. किती खोलात जाता येईल ते आजोबांचे कागद किती शिल्लक आहेत यावर आणि कचेरीतला माणूस कसा भेटतो यावर अवलंबून आहे.

सेवापुस्तक नसेल तर पेन्शनचा हुकूम शोधा, तो घरात बहुधा असतोच. त्यात नोकरीची सुरुवात आणि धरलेली सेवा दोन्ही लिहिलेली असतात. संस्थानची वर्षं त्यात धरली आहेत की नाहीत ते आधी पाहा आणि नाव झाकून मला कळवा, म्हणजे पुढची फाईल कुठे मागायची ते नेमकं सांगता येईल.